क्वेरी चालते, पण उत्तर चुकतं! (गोष्ट डॉ. कॉड यांची)

डीबीएमएसच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. कॉडचे बारा नियम लिहा. आपण ते नियम आदल्या रात्री पाठ करतो, पेपरात ओततो आणि बाहेर येऊन कॅन्टीनला चहा पितो. हे कॉड कोण, कुठले, आणि त्यांच्यावर नियम घालून द्यायची वेळ का आली, हे विचारायला कुणाला सवड असते?

मला ती सवड मिळाली ज्युनिअर्समुळे. बी.ई.ला आल्यापासून प्रॅक्टिकलच्या वेळी अडलेल्या क्वेऱ्या बघून द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. लाल अक्षरात एरर आली तर काही विशेष नसतं, कुठेतरी कंस राहिलेला असतो किंवा कॉलमचं नाव चुकलेलं असतं. खरी पंचाईत वेगळीच. क्वेरी व्यवस्थित चालते, टेबल छान दिसतं आणि आकडा चुकीचा असतो! फीची बेरीज पाचपट येते, कालपर्यंत बरोबर असलेला क्रम आज बदलतो, साठ मुलांच्या वर्गातून एकही नाव मिळत नाही. या तक्रारी इतक्या त्याच त्याच होत्या, की मी मूळ शोधायला गेलो आणि जाऊन पोचलो १९७० सालच्या एका पेपरपाशी. आपल्या लॅबमधल्या निम्म्या भानगडी त्या पेपरात आधीच नोंदवून ठेवल्या आहेत. मग मात्र तो लिहिणाऱ्या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं.

एडगर फ्रँक कॉड, घरात आणि मित्रांत टेड. जन्म १९२३ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. वडिलांचा चामड्याचा उद्योग, आई शाळेत शिक्षिका. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पायलट होते. पाण्यावर उतरणारी ती अगडबंब सुंदरलँड विमानं चालवायचे. म्हणजे खाली समुद्र, वर आकाश आणि हातात नकाशा. हे लक्षात ठेवा, पुढे त्याची गंमत आहे.

युद्ध संपल्यावर, १९४८ साली, कॉड न्यूयॉर्कला आले. पहिली नोकरी काय, तर मेसीज या मोठ्या दुकानात विक्रेत्याची! मग थोडे दिवस टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. तिथे त्यांच्या वाट्याला आलेलं मशीन म्हणजे एसएसईसी. बारा हजारांवर व्हॅक्यूम ट्यूब आणि वीस हजारांवर रिले असलेलं धूड. प्रोग्रामिंग ही तेव्हा नुकती जन्मलेली गोष्ट होती, त्यामुळे शिकवणारं कुणीच नव्हतं.

१९५३ मध्ये त्यांनी चक्क अमेरिका सोडली. सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधायच्या नावाखाली जो धुमाकूळ घातला होता तो त्यांना सहन झाला नाही, आणि ते कॅनडात ओटावाला निघून गेले. हातातली आयबीएमची नोकरी सोडून! मला वाटतं या एका गोष्टीत त्यांचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो. पटलं नाही की पटलं नाही. १९५७ ला ते आयबीएममध्ये परत आले आणि स्ट्रेच नावाच्या मशीनवर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवण्याचं काम केलं. पुढे चाळिशीला टेकलेला हा माणूस कंपनीच्या स्कॉलरशिपवर मिशिगन विद्यापीठात विद्यार्थी होऊन बसला आणि १९६५ मध्ये डॉक्टरेट घेऊन उठला. विषय होता स्वतःची प्रतिकृती स्वतःच तयार करणारे सेल्युलर ऑटोमेटा. फॉन नॉयमनना त्यासाठी प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागल्या होत्या, कॉडनी ते ८ मध्ये बसवलं. कमीत कमी सामानात काम भागवायची ही खोड नंतर फार उपयोगी पडली.

मग ते कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत आले. तिथे डेटाबेसची काय अवस्था होती ती आधी समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आयबीएमचं त्या वेळचं मोठं उत्पादन होतं आयएमएस. अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून ते तयार झालं. त्यात माहिती झाडासारखी ठेवलेली असायची. आपल्या कॉलेजचं उदाहरण घ्या. मुळाशी डिपार्टमेंट, त्याखाली वर्ग, त्याखाली विद्यार्थी, त्याखाली विषय. संगणक विभागातल्या टी.ई.च्या एका मुलाचे विषय हवे असतील तर झाडावरून खाली उतरत जा, काम झटपट. पण अमुक विषय घेतलेली सगळ्या विभागांतली मुलं द्या म्हटलं, की प्रत्येक फांदीवर चढा-उतरायची पाळी! आणि उद्या झाडच उलटं लावायचं ठरलं, विषय वर आणि विद्यार्थी खाली, तर जुने सगळे प्रोग्राम निकामी. कारण माहिती कुठे आहे आणि तिथे कसं जायचं, ही वाट प्रोग्राममध्येच कोरलेली असायची.

कॉडनी १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये एसीएमच्या मासिकात यावर तोडगा मांडला. रिलेशनल मॉडेल, तेच आपलं. पुस्तकात आपण थेट उत्तर वाचतो, पण मला त्या पेपरातला सुरुवातीचा भाग जास्त आवडतो, कारण तिथे ते एखाद्या डॉक्टरसारखं निदान करतात. प्रोग्राम विनाकारण का मोडतात? तीन कारणं. एक, प्रोग्राम रेकॉर्डच्या साठवलेल्या क्रमावर विसंबतो. दोन, तो एखाद्या इंडेक्सवर विसंबतो आणि इंडेक्स काढला की पडतो. तीन, तो वाटेवर विसंबतो. तिसऱ्यासाठी त्यांनी पार्ट आणि प्रोजेक्टची तीच माहिती पाच वेगवेगळ्या रचनांत मांडून दाखवली, आणि एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्राम उरलेल्या चारांपैकी किमान तीन ठिकाणी फसतो हे सिद्ध केलं. युद्धात नकाशा हातात धरून समुद्रावर फिरलेला हा माणूस सांगत होता, की प्रोग्रामरला नकाशा द्यायची वेळच येऊ नये. काय हवं ते त्याने सांगावं, वाट मशीनने शोधावी.

आता लॅबमध्ये या. क्रमाची तक्रार तर दर सेमिस्टरला येते. मेरिट लिस्टची पहिली दहा नावं टेस्टिंगला बरोबर येत होती, डेमोच्या दिवशी बदलली. बदलणारच! ऑर्डर बाय लिहिलेलंच नसतं. टेबल लहान होतं, रेकॉर्ड ओळीने भरले होते, म्हणून ते योगायोगाने क्रमाने दिसत होते. मध्ये काही डिलीट झालं, इंडेक्स पडला, डेटाबेसने दुसरी वाट निवडली की क्रम गेला. कॉडच्या रिलेशनला क्रम नसतोच, तो गणितातला संच आहे. तेव्हा क्रम हवा असेल तर मागायचा. आणि मागताना फक्त मार्कांवर मागून भागत नाही, कारण दोघांना सारखे मार्क असले तर त्यांच्यात कोण आधी हे पुन्हा नशिबावर. शेवटी रोल नंबर जोडा, म्हणजे प्रश्न मिटला.

त्याच पेपरात आणखी एक सापळा आहे. त्याला कॉडनी नावच सापळ्याचं दिलं, कनेक्शन ट्रॅप. पुरवठादार एक भाग पुरवतो, तो भाग एका प्रोजेक्टला लागतो, म्हणून पुरवठादार त्या प्रोजेक्टला माल देतो असं ठरत नाही. वाचताना वाटतं, हे काय सांगायला हवं? पण टाइमटेबलचा मिनी प्रोजेक्ट करणाऱ्या ग्रुपला विचारा. एका टेबलात सर आणि विषय, दुसऱ्यात विषय आणि डिव्हिजन. दोन्ही विषयावर जोडली, आणि एम-थ्री शिकवणारे तिन्ही सर तिन्ही डिव्हिजनला लागले! एरर नाही, काही नाही. नऊ ओळी छान छापून आल्या. कोणते सर कोणत्या डिव्हिजनला काय शिकवतात ही माहिती मुळात कुठे भरलेलीच नाही, मग कितीही हुशार जॉइन लिहिला तरी ती निघणार कुठून? तिन्ही कॉलम एकत्र असलेलं टेबल करावं लागतं. क्वेरी दुरुस्त करून हा रोग बरा होत नाही.

याच सापळ्याचा सख्खा भाऊ म्हणजे फीची बेरीज. एका मुलाने फीचे दहा-दहा हजारांचे दोन हप्ते भरले, आणि त्याला विषय पाच. फी आणि मार्क ही दोन टेबलं रोल नंबरवर एकाच क्वेरीत जोडली, तर दोन गुणिले पाच, दहा ओळी होतात. बेरीज येते एक लाख! मग कुणीतरी डिस्टिंक्टचं मलम लावतं. सम डिस्टिंक्ट केलं की दोन्ही हप्ते सारखे असल्यामुळे एकच मोजला जातो, उत्तर दहा हजार. आधी जास्त चुकत होतं, आता कमी चुकतं, बस्स. खरं उत्तर वीस हजार. त्यासाठी आधी फीची रोल नंबरप्रमाणे बेरीज करून घ्यायची आणि मग जोडायची. मी ज्युनिअर्सना एकच सवय लावून घ्यायला सांगतो, की जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. आणि ज्याचं उत्तर तुम्हाला हाताने काढता येतं असा एक रोल नंबर घेऊन ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

नॉर्मलायझेशनवर मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांच्या जर्नलमध्ये आहे. पहिला नॉर्मल फॉर्म १९७० च्या पेपरातला, दुसरा-तिसरा त्यानंतर लगेचचा, आणि बॉईस-कॉड १९७४ चा. यातले रे बॉईस म्हणजे एसक्यूएलच्या दोन जन्मदात्यांपैकी एक. त्याच वर्षी अचानक वारले, अगदी तरुण वयात. एवढंच सांगतो की एच.ओ.डी. सरांचा फोन नंबर विभागातल्या दोनशे मुलांच्या ओळीत लिहून ठेवला, तर तो बदलताना एकशे नव्व्याण्णव ठिकाणी बदलणार आणि एक राहणार. तो राहिलेला एक शोधण्यात ज्यांनी रात्र घालवली त्यांना थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

तर, पेपर आला. आयबीएमने पेढे वाटले असतील असं वाटेल. छे! आयएमएस विकून कंपनी पैसे कमवत होती, आणि आपल्याच घरातला गणिती उठून सांगतोय की ही पद्धतच बदला. कॉडना आपलं म्हणणं बाहेर मांडत राहावं लागलं. समोर चार्ल्स बॅकमन होते. नेटवर्क पद्धतीचे जनक, १९७३ चे ट्युरिंग पुरस्कारविजेते. प्रोग्रामर हा माहितीच्या समुद्रातला नाविक आहे, अशी बॅकमन यांची भूमिका. १९७४ च्या मे महिन्यात अॅन आर्बरला दोघांची जाहीर चर्चा झाली. ज्या गावात कॉडनी डॉक्टरेट केली तिथेच! कोण जिंकलं हे त्या दिवशी ठरलं नसलं, तरी सगळ्यांना कळलं की प्रश्न गंभीर आहे. डॉन चेंबरलिन हे एसक्यूएलचे दुसरे जन्मदाते. त्यांनी नंतर सांगितलंय, की जुन्या पद्धतीत पाच पानं लागतील असे प्रश्न कॉड एका ओळीत लिहून दाखवायचे, आणि ते बघून आपण बदललो.

शेवटी आयबीएमने सॅन होजेत सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू केला. गंमत अशी की कॉड त्याच्या केंद्रस्थानी नव्हते. त्यांनी स्वतः आखलेली अल्फा ही भाषा बाजूला राहिली आणि चेंबरलिन-बॉईस यांची सीक्वेल आली, जी ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे एसक्यूएल झाली. तिकडे बर्कलीला स्टोनब्रेकर आणि वाँग यांनी छापलेले पेपर वाचून इंग्रेस बांधलं. लॅरी एलिसन यांच्या कंपनीने तर ऑरॅकल १९७९ मध्ये विकायलाही काढलं. कल्पना आयबीएमच्या घरात जन्मली आणि आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएल उत्पादन बाजारात यायला १९८१ उजाडलं, डीबीटू तर १९८३. त्याच १९८१ साली कॉडना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण कॉडसाहेब खूश नव्हते. एसक्यूएलने टेबलात अगदी सारख्या दोन ओळी चालवून घेतल्या. संचात एकच गोष्ट दोनदा असू शकत नाही, हे तर आपण शाळेत शिकतो. सिस्टिम आरवाल्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं, की प्रत्येक वेळी डुप्लिकेट काढत बसलं तर वेळ जातो. दोघांचंही बरोबर आहे असं म्हणायचा मोह होतो, पण लॅबमध्ये बसून बसून मी कॉडच्या बाजूचा झालो आहे. प्रायमरी की न दिलेल्या टेबलात एकच रेकॉर्ड चुकून दोनदा भरला, तर त्यातला नेमका एक डिलीट करायला साध्या एसक्यूएलमध्ये सोय नाही. व्हेअर लिहिणार तरी काय? दोघं अगदी जुळे! की आधी, डेटा नंतर.

आणि आता ते बारा नियम. १९८५ पर्यंत रिलेशनल हा शब्द इतका फॅशनमध्ये आला, की जो तो विक्रेता आपल्या जुन्याच मालावर ते लेबल चिकटवू लागला. तेव्हा कॉडनी ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड साप्ताहिकात दोन लेख लिहून परीक्षाच घेतली. खरं तर नियम तेरा आहेत, शून्यापासून बारापर्यंत. (व्हायवाला एक्स्टर्नल हे विचारतात, सांभाळा.) म्हणजे जे आपण अभ्यासक्रम म्हणून पाठ करतो ते एका वैतागलेल्या माणसाने बाजारातली भेसळ ओळखण्यासाठी बनवलेलं साधन होतं.

यातला तिसरा नियम नलचा. इथे मात्र कॉडसाहेबांनी आपल्याला जो ताप दिलाय त्याला तोड नाही.

लायब्ररीच्या प्रोजेक्टमधली क्वेरी. एकही पुस्तक न घेतलेले विद्यार्थी हवेत. विद्यार्थी टेबलातून असे रोल नंबर द्या जे इश्यू टेबलात नॉट इन आहेत. सोपं आहे. उत्तर, शून्य ओळी! वर्गातल्या निम्म्या मुलांनी लायब्ररीचं दारही बघितलेलं नाही, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. शोधलं तर कळतं की एक पुस्तक एका मॅडमनी नेलंय. मॅडमना रोल नंबर नाही, म्हणून तिथे नल. आता डेटाबेस प्रत्येक मुलासाठी विचारतो, हा रोल नंबर त्या नलपेक्षा वेगळा आहे का? नल म्हणजे माहीत नाही. मग उत्तरही माहीत नाही. आणि व्हेअरमधून फक्त खऱ्यालाच पुढे सोडतात, माहीत-नाहीला नाही. एका नलने सगळा वर्ग अडवला. आतल्या क्वेरीत इज नॉट नल घाला किंवा नॉट एक्झिस्ट्स वापरा, लगेच सुटतं. ऑरॅकलवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं, तिथे रिकामी स्ट्रिंग हीसुद्धा नलच धरली जाते.

खरं किंवा खोटं या दोनांत माहीत नाही हे तिसरं मूल्य कॉडनी १९७९ च्या पेपरात रीतसर आणलं. त्यावरून त्यांचे जवळचे सहकारी ख्रिस डेट यांच्याशीच वाद झाला. डेट म्हणजे रिलेशनल मॉडेल पुस्तकांतून घरोघरी पोचवणारे, आयबीएम सोडल्यावर कॉडबरोबर सल्लागार कंपनी काढणारे. पण नल अजिबात नको, असं त्यांचं मत. दोघं एकत्र काम करत आणि या मुद्द्यावर जाहीरपणे विरुद्ध लिहीत. कॉडनी माघार घेतली नाहीच, उलट १९९० च्या पुस्तकात नलचे दोन प्रकार केले. एक, माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही. दोन, माहिती लागूच पडत नाही. त्यासाठी खरं-खोटं धरून चार मूल्यांचं तर्कशास्त्र!

शेवटच्या काळातल्या एका गोष्टीवर टीका झाली, तीही सांगायला हवी. १९९३ मध्ये त्यांनी ओलॅप ही संज्ञा रूढ करणारा लेख लिहिला, पण त्यामागे ज्या आर्बर कंपनीचा पैसा होता तिचंच उत्पादन त्या निकषांत बसत होतं. विक्रेत्यांची भेसळ पकडणाऱ्या माणसाकडून हे व्हावं याचं मला वाचताना वाईट वाटलं. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ७९. पुढच्या वर्षी एसीएमच्या सिग्मॉड या गटाने आपल्या संशोधन पुरस्काराला त्यांचं नाव दिलं.

नलचे ते दोन प्रकार मात्र एसक्यूएलमध्ये आलेच नाहीत. तिथे नल एकच. त्यामुळे आपल्या रिझल्टच्या टेबलात पेपर अजून तपासला नाही म्हणूनही नल, आणि विषय घेतलाच नाही म्हणूनही नल. अॅव्हरेज दोघांनाही मुकाट्याने वगळतं. साठातल्या चौघांना नल असेल तर भागाकार छप्पन्नने होतो, आणि ते चौघं नेमके कोणत्या कारणाने गळले हे टेबल बघून कळत नाही. त्यासाठी एक वेगळा स्टेटस कॉलम आपल्यालाच ठेवावा लागतो.